मायनर लीगमधला तरुण फलंदाज पारखताना आधी काय पाहावे?

ऐरोलीकर

नमस्कार. ठाणे आणि नवी मुंबईत राहणारे आम्ही दहा मित्र गेली काही वर्षे आपसांत बेसबॉलची फँटसी लीग, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणारी काल्पनिक संघांची स्पर्धा, चालवतो. आमच्या नियमानुसार मेजर लीगपर्यंत (अमेरिकेतली सर्वोच्च पातळी) अद्याप न पोहोचलेले, खालच्या मायनर लीगमधले तीन तरुण खेळाडू प्रत्येकाला राखून ठेवता येतात, आणि ते पुढे चमकले तर वर्षानुवर्षे त्याच्याच संघात राहतात. माझी अडचण नेमकी इथे आहे. प्रस्थापित खेळाडूंबाबत माझे अंदाज बरे ठरतात, परंतु तरुणांच्या बाबतीत मी दरवर्षी याद्यांमध्ये वर दिसणारी नावे उचलतो आणि दोन वर्षांनी निराश होऊन सोडून देतो.

प्रश्न स्पष्ट व्हावा म्हणून दोन नमुने मांडतो. आकडे सोयीसाठी मीच बेतलेले आहेत. दोघेही डबल-ए पातळीवर (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली) खेळतात आणि दोघांच्याही ३०० ॲट-बॅट (वॉक न धरता फलंदाजीच्या खेपा) झाल्या आहेत. पहिला १९ वर्षांचा असून त्याच्या नावावर ७८ हिट (फटका मारून सुखरूप बेस गाठणे), त्यांपैकी ६ होम रन, ३७ वॉक (चार वाईट चेंडू सोडून फुकट मिळालेला बेस) आणि ५४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) आहेत. दुसरा २४ वर्षांचा असून त्याच्या नावावर ९३ हिट, त्यांपैकी ९ होम रन, १६ वॉक आणि ८६ स्ट्राइकआउट आहेत. म्हणजे सरासरी (हिट भागिले ॲट-बॅट) अनुक्रमे ०.२६० आणि ०.३१०. क्रिकेटवर वाढलेले माझे मन दुसऱ्याकडे ओढ घेते, कारण ज्याने धावा केल्या त्याला संघात घ्यावे हा न्याय आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेला आहे. आमच्या लीगमधले दोन जुने मित्र मात्र पहिल्याचेच नाव घेतात आणि कारण विचारले की केवळ वयाकडे बोट दाखवतात. वयाला इतके महत्त्व का द्यावे, हे कोणी सविस्तर सांगेल का?

पाचपाखाडीकर

मी फार विचार न करता १९ वर्षांच्या मुलाला घेईन. आपले मित्र योग्य तेच सांगत आहेत, पण कारण अर्धे सांगत आहेत.

आधी मी हे कुठून बोलतो आहे ते सांगतो. १९९५ पासून सहा वर्षे मी नोकरीनिमित्त पिट्सबर्गमध्ये होतो आणि तिथे पायरेट्स संघाचा झालो तो आजतागायत आहे. या संघाने १९९३ ते २०१२ असे सलग वीस हंगाम विजयांपेक्षा पराभव अधिक पाहिले. अशा संघाच्या चाहत्याला आशा ठेवायला एकच जागा उरते, ती म्हणजे खालच्या लीगमधली मुले. ठाण्याला परतल्यावरही पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होणारा सामना लावण्याआधी मी अल्टूना या आमच्या डबल-ए संघाचा निकाल वाचत असे, आणि तिथल्या एखाद्या मुलाने दोन वॉक घेतले असतील तर माझा दिवस चांगला जाई. या काळात माझे अंदाज इतक्या वेळा चुकले की पुढे जे लिहितो आहे ते त्या चुकांमधूनच आलेले आहे, असे समजावे.

डबल-ए पातळीवरचा फलंदाज साधारण तेवीस-चोवीस वर्षांचा असतो. तिथले पिचर (चेंडू टाकणारे) बहुतांशी महाविद्यालयीन क्रिकेटपेक्षा कितीतरी कठोर अशा महाविद्यालयीन बेसबॉलमधून आलेले असतात, आणि फलंदाजाला अनुकूल स्थिती असतानाही वेगवान चेंडूऐवजी वळणारा चेंडू स्ट्राइक क्षेत्रात टाकण्याची हिंमत आणि कसब त्यांच्याकडे असते. खालच्या पातळीवर केवळ वेगवान चेंडूंवर पोसलेली सरासरी इथे येऊन कोसळते. एकोणीस वर्षांचा मुलगा या पिचरांसमोर उभा आहे याचाच अर्थ असा की, त्याला रोज पाहणाऱ्या, त्याच्यावर पैसा लावलेल्या माणसांनी तो तयार आहे असा निर्णय दिला आहे. त्याचे ०.२६० आणि चोवीस वर्षांच्या माणसाचे ०.२६० या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्याच्या शरीरात अजून ताकद भरायची आहे, आणि जे त्याने आज केले ते दुसऱ्याने त्या वयात बहुधा केलेले नव्हते.

अँड्र्यू मॅककचन याचे उदाहरण मी नेहमी देतो. पायरेट्सने त्याला २००५ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) अकराव्या क्रमांकावर घेतले. २००७ मध्ये वीस वर्षांचा असताना तो अल्टूनाला होता आणि त्याची सरासरी आपल्या पहिल्या नमुन्यासारखीच, ०.२६० च्या आसपास होती. आम्हा चाहत्यांमध्ये तेव्हा बरीच कुरकुर झाली आणि त्या कुरकुरीत मीही होतो. २०१३ मध्ये तो नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक; दुसरा अमेरिकन लीग) सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि वीस वर्षांचा दुष्काळ संपवणारा हंगामही तोच. माइक ट्राउटला २०११ मध्ये एकोणिसाव्या वर्षी थेट मेजर लीगमध्ये आणले गेले, तेव्हा ४० सामन्यांत त्याची सरासरी ०.२२० होती. पुढच्याच वर्षी त्याने ०.३२६ सरासरीने ३० होम रन मारले आणि ४९ बेस चोरले (फटक्याची वाट न पाहता धावून पुढचा बेस गाठला).

आता याद्यांविषयी. स्काउट मंडळी (खेळाडू हेरणारे) फलंदाजाचे पाच गुण २० ते ८० या मापावर तोलतात: चेंडूशी गाठ घालण्याची हातोटी, ताकद, धाव, क्षेत्ररक्षण आणि फेक. ५० म्हणजे मेजर लीगमधली सरासरी. धाव घड्याळावर मोजता येते, फेक यंत्रावर मोजता येते, ताकद सरावात डोळ्यांना दिसते. हातोटी मात्र चांगल्या पिचरांसमोर शेकडो वेळा उभे राहिल्याशिवाय कोणालाच ठरवता येत नाही, आणि फलंदाजाचे भवितव्य याच गुणावर सर्वाधिक अवलंबून असते. मोठमोठ्या चुका इथेच झाल्या आहेत. माइक पियाझा १९८८ मध्ये बासष्टाव्या फेरीत, १३९० व्या क्रमांकावर घेतला गेला आणि तोही घरच्या ओळखीमुळे. २०१६ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या सन्मान दालनात) गेला. आल्बर्ट पुहोल्स १९९९ मध्ये ४०२ वा होता आणि त्याने ७०३ होम रन मारले. त्यामुळे यादीतला क्रमांक मी वाचतो, पण त्या क्रमांकामागे हातोटीचा भरवसा किती आणि नुसत्या ताकदीचे आकर्षण किती, हे वेगळे करून पाहतो. ते वेगळे करण्याचे साधन म्हणजे स्ट्राइकआउट आणि वॉक. त्या आकड्यांबाबत माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे लोक इथे आहेत.

पिचर शक्यतो राखून ठेवू नका, एवढेच जाता जाता सांगतो. २००२ मध्ये संपूर्ण ड्राफ्टमधली पहिली निवड आमच्याकडे होती आणि ब्रायन बुलिंग्टन या पिचरला घेतले गेले. खांद्याच्या दुखापतीने त्याची वाट अडवली आणि मेजर लीगमध्ये त्याच्या नावावर एकच विजय लागला. उलट रॉय हॅलडे या पिचरची दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी २००० मध्ये १०.६४ होती, त्याला थेट डबल-एच्याही खालच्या ए पातळीपर्यंत पाठवून त्याच्या हाताचा कोन बदलण्यात आला, आणि २००३ मध्ये त्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जिंकला. कोपर आणि खांदा यांचा अंदाज बांधता येत नाही, असे मला तीस वर्षांनंतर प्रामाणिकपणे वाटते.

बेलापूरवासी

पाचपाखाडीकरांनी आकड्यांचा भाग मोकळा सोडला आहे, तो मी भरतो. मी व्यवसायाने संख्याशास्त्राशी संबंधित आहे आणि ऐरोलीकरांचे नमुने मला फार उपयुक्त वाटले.

दोघांच्या हिटमध्ये १५ चा फरक आहे. ३०० ॲट-बॅटमध्ये निव्वळ योगायोगाने एका फलंदाजाच्या हिटची संख्या साधारण आठने वरखाली होते, आणि दोघांमधल्या फरकाची चढउतार सुमारे अकराची असते. म्हणजे १५ हा फरक त्या चढउताराच्या दीडपटीहूनही कमी आहे, आणि दोघांची खरी क्षमता सारखी असतानाही तो दिसू शकतो. आता स्ट्राइकआउट पाहा. वॉक धरून पहिला ३३७ वेळा फलंदाजीला उभा राहिला आणि १६ टक्के वेळा स्ट्राइकआउट झाला. दुसरा ३१६ वेळा उभा राहिला आणि २७ टक्के वेळा स्ट्राइकआउट झाला. या अकरा टक्क्यांच्या फरकाची योगायोगाने होणारी चढउतार सुमारे ३.२ टक्के आहे. फरक त्याच्या साडेतीनपट आहे, म्हणून तो खरा मानायला हरकत नाही. ज्या फरकाने आपले मन ओढले गेले तो डळमळीत आहे, आणि ज्याकडे आपण दुर्लक्ष केले तो पक्का आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. होम रन आणि स्ट्राइकआउट वगळून जे चेंडू मैदानात खेळले गेले, त्यांपैकी किती हिट ठरले हे काढावे. पहिल्याचे २४० पैकी ७२, म्हणजे ०.३००. दुसऱ्याचे २०५ पैकी ८४, म्हणजे ०.४१०. मेजर लीगमध्ये हा आकडा एकंदरीत ०.३०० च्या आसपास राहतो. वेगाने धावणारे आणि चेंडू जोरात फटकावणारे खेळाडू त्याच्या वर राहतात, परंतु ०.४०० च्या वर दीर्घकाळ कोणी टिकत नाही. दुसऱ्याला उदारपणे ०.३४० दिले तरी त्याच्या हिट ७९ होतात आणि सरासरी ०.२६३ वर येते. पाच वर्षांनी मोठा असलेला फलंदाज मग सरासरीत त्या मुलाच्या बरोबरीला येऊन बसतो, आणि त्याच्याकडे वॉकही निम्म्याहून कमी आहेत.

एक सूचना. मैदान कोणते आहे ते अवश्य तपासा. समुद्रसपाटीपासून उंचावर असलेल्या शहरांत हवा विरळ असल्याने चेंडू दूर जातो आणि वळतोही कमी, त्यामुळे तिथल्या संघांमधले फलंदाजीचे आकडे फुगलेले असतात.

कळव्याचा प्रशिक्षक

मी सोळा वर्षांखालील मुलांना क्रिकेट शिकवतो आणि बेसबॉल गेल्या आठ-नऊ वर्षांपासून आवडीने पाहतो. वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु वॉक या आकड्यामागे डोळ्यांना काय दिसते ते सांगावेसे वाटते.

पिचरचा ताशी दीडशे किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत साधारण ०.४ सेकंदात पोहोचतो. एवढ्या वेळात खेळायचे की सोडायचे हे ठरवावे लागते. आपल्याकडे सकाळच्या ओलसर खेळपट्टीवर ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडणारा मुलगा पाहिला की मी त्याचे नाव वहीत लिहून ठेवतो, मग त्या दिवशी त्याने बाराच धावा केल्या असल्या तरी चालते. सोडणे हा निर्णय आहे आणि तो निर्णय डोळा, पाय व मन तिन्ही शांत असल्याशिवाय घेता येत नाही. ३३७ वेळा उभे राहून ३७ वॉक घेणारा एकोणीस वर्षांचा मुलगा मला म्हणूनच आवडला.

समोर कोण होते हा प्रश्नही आपल्या जिल्ह्याने चांगला अनुभवला आहे. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला एका शालेय सामन्यात एका मुलाने नाबाद १००९ धावा केल्या. जगभर बातमी झाली. त्या मुलाचा दम आणि एकाग्रता खरीच होती, पण समोरच्या संघात त्याच्याहून लहान मुले होती आणि त्या एका डावावरून सर्वांनी मिळून त्याच्या खांद्यावर जे ओझे टाकले ते पाहून मला प्रशिक्षक म्हणून वाईट वाटले. आकडा मोठा असला म्हणजे तो पुढचे सांगतोच असे नाही.

पाचपाखाडीकरांच्या संघाविषयी एक आठवण. २००८ मध्ये भारतात वेगवान चेंडूफेकीची स्पर्धा घेऊन निवडलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना पायरेट्सनेच करारबद्ध केले होते. दोघांनी याआधी बेसबॉल हातातही धरला नव्हता. दोघेही मेजर लीगपर्यंत पोहोचले नाहीत, तरी रिंकू काही हंगाम खालच्या लीगमध्ये टिकला, आणि शून्यापासून सुरू केलेल्या मुलासाठी ते मला फार मोठे वाटते. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनसारख्या खेळाडूची सरासरी १९९४ मध्ये डबल-ए पातळीवर ०.२०२ होती आणि तो ११४ वेळा स्ट्राइकआउट झाला होता, यावरून ही पातळी किती अवघड आहे ते समजावे.

एका बाबतीत मात्र आम्हा डोळ्यांवर विसंबणाऱ्यांनी सावध राहिले पाहिजे. होसे आल्टुवे याला व्हेनेझुएलातील निवड चाचणीतून उंची कमी म्हणून परत पाठवले होते. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, १५,००० डॉलरवर करारबद्ध झाला आणि २०१७ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. उंची पाहून मीही मुले नाकारलेली आहेत.

ऐरोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. ०.४१० चा हिशेब मी स्वतः पुन्हा करून पाहिला आणि आमच्या याद्यांमधल्या खऱ्या नावांनाही तो लावला. गेल्या वर्षी मी मोठ्या आशेने राखलेला एक फलंदाज त्यात लगेच उघडा पडला. ज्याच्यावरून पहिला नमुना मनात आला तो खेळाडू शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आहे, हे लिहायचे राहून गेले होते. त्याने निर्णय बदलतो का?

पाचपाखाडीकर

बदलत नाही, अधिक पक्का होतो. शॉर्टस्टॉपला पुढे तिसऱ्या बेसवर, दुसऱ्या बेसवर किंवा सेंटर फील्डमध्ये हलवता येते, त्यामुळे फलंदाजी थोडी उशिरा उमलली तरी त्याच्यासाठी संघात जागा निघते. मूकी बेट्स २०११ च्या ड्राफ्टमध्ये १७२ वा होता. बोस्टनमध्ये दुसऱ्या बेसवर आधीच भक्कम खेळाडू असल्याने त्याला आउटफिल्डमध्ये नेले आणि २०१८ मध्ये तो सर्वोत्तम खेळाडू झाला. पहिल्या बेसवरच्या मुलाची फलंदाजी अडली तर त्याला हलवायला जागाच नसते.

फक्त मेजर लीगमधल्या त्याच्या पहिल्या महिन्यावरून त्याला सोडू नका. जॅक्सन हॉलिडे २०२२ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड होता. एप्रिल २०२४ मध्ये वीस वर्षांचा असताना तो बाल्टिमोरकडून आला आणि ३४ ॲट-बॅटमध्ये दोनच हिट करून परत ट्रिपल-ए पातळीवर (मेजर लीगच्या लगेच खाली) गेला. तुमच्या लीगमध्ये त्या आठवड्यात त्याला कोणी सोडले होते का, हे जमल्यास इथे जरूर लिहा.