मदत हवी आहे: विनोदी लघुपटाचं पोस्टर, एक लपवलेला फ्रिज आणि तुटणारं 'फ्रि'

चौथामाळा

मंडळी, कॉलेजच्या १८ मिनिटांच्या विनोदी लघुपटाचं पोस्टर करायचं आहे. नाव 'घरात फ्रिज नाही'. गोष्ट अशी: घरमालकाने भाड्यातच वीज धरली आहे, म्हणून खोलीत फ्रिज ठेवायला सक्त मनाई. चौघा पोरांनी गुपचूप जुना फ्रिज आणलाय आणि मालक कधीही चक्कर मारतो.

छापायचं आहे ए३ आकारात, ६० प्रती. सभागृहाच्या दाराशी ४ बाय ६ फुटांचा एक फ्लेक्स, शिवाय व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम. हातात दहा दिवस.

आत्ताचा आराखडा: भडक पिवळी पार्श्वभूमी, चौघे खदाखदा हसताहेत, मागे मालक डोळे वटारून, खाली फ्रिज, आणि नाव तिरक्या लाल अक्षरांत. चेहरे सिनेमातल्याच फ्रेम्समधून कापलेत. फोटोशॉपमध्ये 'फ्रिज' लिहिलं की 'फ्', 'र' आणि वेलांटी वेगवेगळी पडतात. छापून पाहिलं तर चेहरे धुरकट. शिवाय सगळे म्हणतात की काहीतरी चुकतंय, पण काय ते कुणी सांगत नाही.

शिरोरेषा

आधी 'फ्रि'चं बघू. फॉन्ट निर्दोष आहे, सेटिंग चुकलंय. साध्या लेआउटमध्ये जोडाक्षर जुळत नाही आणि ऱ्हस्व वेलांटी टाइप केल्या क्रमाने अक्षराच्या उजवीकडे येऊन बसते. जुनी आवृत्ती असेल तर 'प्रेफरन्सेस'मध्ये 'टाइप'खाली 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' निवडा, फोटोशॉप बंद करून उघडा, मग पॅराग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातल्या मेन्यूतून 'वर्ल्ड-रेडी लेआउट' लावा. आधी टाइप केलेल्या लेयरना ते आपोआप लागत नाही, प्रत्येक लेयर निवडून लावावं लागतं. इथेच बहुतेक जण 'करून पाहिलं, होत नाही' म्हणून सोडून देतात. अगदीच अडलं तर नाव इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहा, तिथे जोडाक्षरं नीट जुळतात.

अक्षरांतलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, शून्यच ठेवा. वाढवलंत की शिरोरेषेला भेगा पडतात. नाव पसरवायचं असेल तर रुंद फॉन्ट घ्या, अक्षरं ताणू नका. आणि नावाला बाहेरून जाड रेघ द्यायची असेल तर आधी आउटलाइन्स करून (म्हणजे अक्षरांचे चित्रासारखे आकार करून) सगळी अक्षरं 'युनाइट' करा, म्हणजे एकत्र जोडा. देवनागरीत शेजारची अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांत किंचित घुसलेली असतात. न जोडता रेघ दिली की प्रत्येक सांध्यावर उभा चरा दिसतो. गल्लीतल्या निम्म्या फलकांवर तो असतोच.

फॉन्ट: नावाला 'मोदक' चालेल. गुबगुबीत आहे, जुन्या फ्रिजच्या गोल कोपऱ्यांशी जमेलही. मात्र त्याच्या पोटातल्या फटी बारीक आहेत, लहान आकारात भरून जातात, म्हणून तो फक्त नावापुरता. तारीख-वेळ-ठिकाणासाठी 'मुक्त'. दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, छापायला हरकत नाही. आणि नाव तिरकं नको. अक्षरं नाचवली की पोस्टर वाढदिवसाच्या फ्लेक्सकडे झुकतं.

मधलीरांग

'काहीतरी चुकतंय' त्याबद्दल. नाव म्हणतंय फ्रिज नाही. मग चित्रात फ्रिजच हवा, आणि तो लपवायचा केविलवाणा प्रयत्न हवा. तुमच्याकडे रंग, अक्षरं, चेहरे सगळेच एकदम 'हसा हसा' म्हणून ओरडताहेत. पात्रंच हसायला लागली तर बघणाऱ्याला काही शोधायला उरत नाही.

असं करून बघा: खोलीतली रिकामी भिंत, मधोमध चादरीने झाकलेला फ्रिज, दोन्ही बाजूंना दोन-दोन पोरं, ग्रुप फोटोसारखी ताठ. चेहरे पासपोर्ट फोटोतले. डोळे थेट कॅमेऱ्यात. वर सरळ अक्षरांत 'घरात फ्रिज नाही'. झाला विनोद.

आता झाकलेली वस्तू फ्रिजच आहे, हे एका नजरेत कळलं पाहिजे, नाहीतर लोकांना कपाट वाटेल. म्हणून चादरीतून हँडलचा उंचवटा दिसू द्या, खालून वायर निघून एक्स्टेंशन बोर्डात जाऊ द्या, आणि दाराच्या जागी चादरीवर बाहेरून एक गणपतीचं मॅग्नेट चिकटवा. कपाटावर चादर घालून मॅग्नेट कोण लावतं? फ्रिजच्या कंपनीचं नाव कुठे डोकावत असेल तर झाका.

मालक नको. फार तर उजव्या कडेने नुसता हात आत येऊ दे, हातात किल्ल्यांचा जुडगा.

चौथामाळा

कल्पना भारी आहे. पण मालकाचं काम आमच्या सरांनी केलंय. त्यांचा नुसता हात?

मधलीरांग

श्रेयनामावलीत त्यांचं नाव सर्वांत शेवटी, स्वतंत्र ओळीत, आधी 'आणि' लावून, 'घरमालकाच्या भूमिकेत' असं द्या. सिनेमात तो मान मोठ्या नटाला मिळतो. सर खूश.

कागदकात्री

चेहरे धुरकट का, याचा हिशेब सोपा आहे. फुल एचडी फ्रेम १९२० बाय १०८० पिक्सेलची. उभ्या पोस्टरसाठी कापलीत की उंचीला १०८० पिक्सेल उरतात आणि ए३ ची उंची साडेसोळा इंच. म्हणजे इंचाला जेमतेम ६५. हातात धरून बघायच्या छपाईला ३०० असावेत, २०० च्या वर असले तरी चालतं. त्यात चालत्या फ्रेममध्ये हालचालीचा धूसरपणा असतोच, तो कुठल्याही शार्पनने जात नाही. पोस्टरसाठी फोटो वेगळेच काढा. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० असतो. उभा धरून काढलात तर ए३ वर इंचाला २४० मिळतात, पुरे झाले.

फोन स्टँडवर, छातीच्या उंचीला, आठ-दहा फुटांवर. जवळून वाइड लेन्सने काढलात तर कडेच्या दोघांची डोकी ताणली जातात. चौघे एकत्र जमत नसतील तर जमिनीवर टेपच्या खुणा करा, फोन हलवू नका, आणि खिडकीचा उजेड एकाच बाजूने राहील अशा वेळी सगळे फोटो उरका. सकाळी दोघे आणि संध्याकाळी दोघे असं केलंत तर सावल्याच चुगली करतील.

भिंत चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना आणि वर भरपूर मोकळी घ्या. याचं कारण फ्लेक्समध्ये आहे. ए३ चं प्रमाण १ ला १.४१, तुमच्या फ्लेक्सचं १ ला १.५, इन्स्टाच्या उभ्या पोस्टचं (१०८० बाय १३५०) १ ला १.२५ आणि स्टेटसचं ९ ला १६. एकच फाइल ओढून-ताणून सगळीकडे बसवली की पोरं कुठे लंबूटांग तर कुठे बुटकी होतात. मोकळी भिंत असेल तर प्रत्येक वेळी फक्त भिंत कमी-जास्त करायची.

छपाई: ए३ म्हणजे २९७ बाय ४२० मिमी. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग) धरून फाइल ३०३ बाय ४२६. १२ बाय १८ इंची कागदाची रुंदी ३०५ मिमी, त्यात कापायच्या खुणांना जागाच राहत नाही. म्हणून १३ बाय १९ च्या शीटवर छापायला सांगा. मजकूर कडेपासून १० मिमी आत, आणि कोपऱ्यांत काहीही नको, तिथे नोटीस बोर्डाच्या टाचण्या येतात. कागद १३० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) मॅट पुरे. ग्लॉसी ट्यूबलाइटखाली चमकून अर्धं पोस्टर दिसेनासं होतं आणि ३०० जीएसएम टेपला न जुमानता भिंतीवरून सुटतं.

बारीक अक्षरं नुसत्या काळ्या शाईत, म्हणजे ब्लॅक १०० आणि बाकी तिन्ही शून्य. चार शाया मिसळल्या आणि छपाईत केसभर सरकल्या की श्रेयनामावली दुहेरी दिसते. फाइल पीडीएफ, अक्षरं आउटलाइन्स केलेली. दुकानातल्या संगणकात तुमचा फॉन्ट नसतो. आणि ती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून धाडू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह न्या. आधी एकच प्रत त्याच कागदावर काढून बोर्डावर लावा, बारा फुटांवरून नाव आणि चार फुटांवरून तारीख वाचता आली तरच उरलेल्या ५९ छापा.

फ्लेक्सला इंचाला ७२ पिक्सेल पुरतात, म्हणजे ३४५६ बाय ५१८४. चौकटीवर ठोकायला कडेने दोन-तीन इंच सोडा. आणि कॉलेजबाहेरच्या भिंतींवर परवानगीशिवाय काही चिकटवू नका, मालमत्ता विरूपणाचा १९९५ चा कायदा महाराष्ट्रात आहे, कॉलेजचा कार्यक्रम म्हणून सूट मिळत नाही.

शिरोरेषा

मजकुरात भर: 'धमाल विनोदी', 'हसून हसून पोट दुखेल' असलं काही लिहू नका. नाव, तारीख, वार, वेळ, सभागृह, प्रवेश विनामूल्य असेल तर ते. क्यूआर कोड टाकणार असाल तर किमान अडीच सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर काळा, भोवती पांढरी जागा सोडून. फुकटातले बदलता येणारे कोड मुदत संपली की बंद पडतात, थेट दुव्याचा साधा कोड करा.

चौथामाळा

फोटो काल काढले. 'फ्रि' जुळलं, वर्ल्ड-रेडीच राहिलं होतं. सोलापुरी चादर वापरली, नक्षी छान दिसतेय, पण जाड असल्यामुळे मॅग्नेट टिकत नाही, घसरून पडतं. पातळ पांढरी चादर घेऊन परत काढू का?

मधलीरांग

अजिबात नको. पांढरी चादर म्हणजे भूत वाटेल, सोलापुरी म्हणजे घर. नाव मात्र चादरीवर येऊ देऊ नका, नक्षीत हरवेल, वर भिंतीवरच ठेवा. मॅग्नेटच्या मागे दुहेरी चिकटपट्टी लावा आणि सरळ नको, किंचित कलंडलेलं चिकटवा.