मदत हवी आहे: जांबोटी भागात लाकडी निसर्गोपचार केंद्र, लाकूड कुठलं आणि ते टिकवायचं कसं?

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यात जांबोटीहून कणकुंबीला जाताना रस्त्यापासून थोडं आत आमची वडिलोपार्जित जागा आहे. तिथे मी आणि माझे मिस्टर छोटं निसर्गोपचार केंद्र उभारतोय. राहायला चार खोल्या, योगासनांसाठी मोठा सोपा (ओसरीसारखी जागा), स्वयंपाकघर, मालिश आणि वाफेच्या खोल्या. बिनशेतीचं काम मार्गी लागलंय, आराखडा अजून पक्का नाही. म्हणून आत्ताच विचारते.

बांधकाम लाकडाचंच करायचं हे ठरलंय. लोखंड-सिमेंट तयार करताना भरमसाट इंधन जळतं, आणि झाडाने शोषलेला कार्बन लाकूड शाबूत असेपर्यंत त्यातच राहतो. पण दहा-बारा वर्षांत वासे कुजले आणि पुन्हा झाडं तोडावी लागली तर या सगळ्याला काय अर्थ? आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस उघडत नाही. झड आडवी येते, घरातल्या कपड्यांना बुरा धरतो. त्यामुळे माझा सगळा जीव टिकाऊपणावर अडकलाय.

आमच्या जुन्या घराचं सांगते. जांभ्याचं जोतं, सोप्यात दगडी तळखड्यावर (खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर) उभे सागवानी खांब, वर कौलं. मध्यंतरी फरशी बसवताना दोन खांबांच्या बुंध्याभोवती सिमेंटचा कोबा घातला गेला. ते दोन्ही खांब आता खाली नखाने टोकरले तरी भुगा पडतो. त्यांच्याच रांगेतला, तळखड्यावर मोकळा राहिलेला खांब मात्र ठणठणीत आहे. सुतारमामांनी पटाशीने वरचा काळा थर काढून दाखवला तर आत सोनेरी, तेलकट गाभा. लाकूड तेच, वय तेच, वर छप्परही तेच. फक्त एकाचं पाणी सुकायला वाट होती, दुसऱ्यांचं कोंडलं.

आता अडचणी. आमच्या आर्किटेक्ट परदेशी पाइन सुचवतात, प्रक्रिया केलेलं. त्यात तांबं-क्रोम-आर्सेनिकचं औषध असेल तर जिथे माणसं उघड्या अंगाने झोपणार, मालिश घेणार, तिथे मला ते नको आहे. ठेकेदार म्हणतो लोखंडी सांगाडा करा आणि वरून लाकडासारखे दिसणारे पत्रे मारा. ते तर मुळीच नको. सुतारमामांचं मत असं की तुळयांना ऐन किंवा किंदळ ही इथली जंगली लाकडं, दारं-खिडक्यांना सागवान. बांधावर आमची सागाची झाडं आहेत, पण कोवळी. कापली तर गाभा कमी आणि बाहेरचा पांढरा भागच जास्त निघेल, आणि त्याला वाळवी सोडत नाही. शिवाय कर्नाटकात 1976 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे स्वतःच्या शेतातलं झाड तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते. भीमगड अभयारण्य (2011 पासून) जवळ असल्यामुळे कागदपत्रांत कुठेही कसूर ठेवायची नाही.

तर विचारायचं ते असं. बेळगाव, निपाणी, गडहिंग्लज भागात पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान घ्यावं का, आणि घेताना काय पारखावं? की दांडेलीच्या सरकारी डेपोतल्या लिलावातून नवीन घ्यावं? सोप्याचं छप्पर माणगा बांबूचं करायची फार इच्छा आहे, या पावसात ते तगेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, जोत्याखालच्या मातीत वाळवीचं औषध मारायला ठेकेदार मागे लागलाय, पण विहीर अगदी लागून आहे. औषधाशिवाय काही उपाय आहे का? खानापूर, चंदगड, आजरा भागात कुणी असं बांधलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

ताई, मी चंदगडचा, लाकडी घरांचीच कामं करतो. जुनं सागवान डोळे झाकून नवीनपेक्षा बरं. ते पूर्ण वाळलेलं असतं, त्यामुळे नंतर पीळ मारत नाही. घेताना टोकं बघा, तुळई भिंतीत जिथे रुतलेली असते तिथेच आधी कुजते. हातोडीने ठोकत जा, पोकळ आवाज आला की तो तुकडा बाजूला. करवतीला द्यायच्या आधी खिळे काढून घ्या. पावती जरूर घ्या, वाटेत तपासणी झाली तर लागते. ऐन चांगलंच, पण ओलं घेऊ नका, फार तडकतं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, पंधरा टक्क्यांच्या आत आल्यावरच जोडकाम करा.

बांबू पावसाळा संपल्यावर तोडलेला, तीन वर्षांवरचा घ्या. कोवळ्यात आणि पावसाळ्यात तोडलेल्यात साखर-पिठूळपणा जास्त, भुंगा लगेच लागतो. बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवून मुरवायचा. माणसाला हे औषध त्या मानाने पुष्कळ सौम्य, पण पाण्यात विरघळतं, म्हणजे पावसात धुऊन जाणार. म्हणून असा बांबू कायम छपराच्या आत हवा. वळचण चार फुटांपर्यंत बाहेर काढा, पडवी चारही बाजूंनी घ्या आणि पावसाच्या बाजूला तट्टे (बांबूच्या विणलेल्या चटया) बांधायची सोय ठेवा. कुडाळला कोनबॅक ही बांबूवरच काम करणारी संस्था आहे, तिथे प्रत्यक्ष बघून या. वाफेच्या खोलीत मात्र लाकूड नको, जांभा आणि चुना वापरा.

वाळवीचं म्हणाल तर जोतं दोन-अडीच फूट उंच आणि चारी बाजूंनी उघडं ठेवा. त्याला टेकून माती, सरपण, झाडाच्या कुंड्या काही नको. वाळवी बहुधा मातीची नळी करून वर चढते, जोतं उघडं असलं की ती नळी दिसते आणि खरवडून काढता येते. दर पंधरवड्याला घराभोवती एक फेरी मारायची सवय मात्र लावून घ्यावी लागेल.

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. वळचण आणि पडवीचं आजच आर्किटेक्टना कळवते, कुडाळलाही जाऊन येते. जोतं उघडं ठेवायचं पटलं, पण आमच्या जागेला एका अंगाने चढ आहे आणि पावसात तिकडून माती वाहून जोत्यावर येते. तिथे नुसता चर पुरेल की जांभ्याची आडभिंत घालावी लागेल? चढावर बांधलेल्यांनी कृपया सांगा.