कटाच्या गोष्टींनी कुणाचं काय बिघडतं? ऐका मग.

कोरडवाहू
परवा इथे एकाने लिहिलं की कटकारस्थानाच्या गोष्टी म्हणजे आपल्या लोककथाच. नेताजी जिवंत होते, शास्त्रीजींना विष दिलं, 2000 च्या नोटेत चिप होती. लोक चघळतात, विसरतात, कुणाचं काय बिघडतं? वाचल्यापासून डोकं फिरलंय.

1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज मोबाइलवर फिरत होते. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाच माणसं! तीही लोककथाच म्हणायची का?

माझी आई अंगणवाडी सेविका होती. पोलिओच्या दिवसांत बर्फाचा डबा खांद्याला लावून दारोदार जायची. डोस दिला की बाळाच्या करंगळीच्या नखावर शाईची खूण, आणि नाही म्हटलं त्या दारावर खडूने फुली. एका घरावर सलग चार फेऱ्यांत फुली पडली. ‘हे नसबंदीचं औषध आहे, पोरं पुढे वांझ राहतील,’ म्हणून दार लावायचे. आई घरी येऊन रडायची.

आडवाट
असहमत, आणि जोरात. वांझ करण्याची भीती आभाळातून पडली का? माझे आजोबा प्राथमिक शिक्षक. 1976 मध्ये, आणीबाणीत, नसबंदीच्या ‘केसेस’ आणल्या नाहीत म्हणून त्यांचा पगार अडवला होता. शेवटी त्यांनी गावाबाहेरच्या पालावरचा एक माणूस आणला, लग्न न झालेला. मरेपर्यंत ते त्या माणसाचं नाव घ्यायचे. त्या एका वर्षात देशात 80 लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. पुढे त्याच सरकारची माणसं थेंब पाजायला दारात आली, तर लोकांनी विश्वास का ठेवायचा?

आणि कट खरेही असतात. 20 जानेवारी 1948 ला मदनलाल पाहवा गांधीजींच्या प्रार्थनासभेजवळ बॉम्बस्फोट करून जागीच पकडला गेला. कटाची खबर सरकारपर्यंत पोचली होती. तरी दहा दिवसांनी गांधीजींना मारलंच. त्या दहा दिवसांत जो कट आहे म्हणत होता त्याला तुम्ही वेड्यात काढलं असतं.

तिरपागडा
आडवाट यांना +1. शास्त्रीजी 11 जानेवारी 1966 ला ताश्कंदमध्ये गेले. देशाचा पंतप्रधान परदेशात अचानक जातो आणि शवविच्छेदन होत नाही, ना तिथे ना दिल्लीत. घरच्यांनी विचारलं तरी नाही. नेताजींचं तर बोलूच नका.

पिंपळपान
बोलूच. 18 ऑगस्ट 1945, तैहोकूचा (तैवानमधलं आजचं तैपेई) विमान अपघात. शाहनवाज समितीने 1956 मध्ये अपघातच सांगितला, 1974 मध्ये खोसला आयोगानेही तेच. 2016 मध्ये फायली खुल्या झाल्या, त्यातून कुणी गुमनामी बाबा (हा साधू म्हणजेच नेताजी, असं काही जण मानतात) निघाला नाही. अजून किती आयोग हवेत?

तिरपागडा
मुखर्जी आयोग सोयीस्कर विसरलात. अपघातात मृत्यू झालाच नाही, जपानमधल्या रेंकोजी मंदिरातल्या अस्थी त्यांच्या नाहीत, असं त्या आयोगाने 2005 मध्ये म्हटलं आणि सरकारने अहवाल फेटाळला. शाहनवाज समितीत नेताजींचे सख्खे भाऊ सुरेशचंद्र होते, त्यांनी अहवालावर सही केली नाही. तेही अफवाबाजच का?

पिंपळपान
सख्खी मुलगीही आहे हो. अनिता बोस फाफ कित्येक वर्षं सांगताहेत की वडील अपघातात गेले, अस्थींची डीएनए चाचणी करा आणि त्यांना मायदेशी आणा. त्यांचं कुणी ऐकत नाही, कारण नेताजी गेले हे मान्य केलं की तुमची निवडणुकीतली भाषणं संपतात. एका मुलीला बापाच्या अस्थी मिळत नाहीत आणि तुम्हाला बाबाच्या पेटीत चष्मा सापडल्याचं कौतुक. संतापच येतो.

तिरपागडा
भाषणं करणारा मी नव्हे. माझे वडील आझाद हिंद फौजेतल्या एका म्हाताऱ्या सैनिकाकडे जायचे. 23 जानेवारीला, नेताजींच्या जयंतीला, ते गृहस्थ दाराकडे तोंड करून बसायचे. त्यांच्यासमोर हे लिहून दाखवा. …अनिताताईंचा मुद्दा मान्य. चाचणी व्हायलाच हवी. इतक्या वर्षांत कुणी केली नाही, म्हणून तर संशय जिवंत आहे.

सांजवारा
नेताजींवर वेगळा धागा काढा बरं. राजकारणाचं कुणी बोलतच नाही. इंदिराबाईंच्या काळात प्रत्येक गोष्टीत ‘परकीय हात’. 2009 नंतर भाजपवाले ईव्हीएमवर संशय घेत होते, आता तेच मशीन विरोधकांना खोटं वाटतं. हरलेल्याला कारण शोधायचं नसतं, म्हणून कट लागतो. आमच्या वॉर्डात पडलेल्या उमेदवाराने पाच वर्षं हेच सांगितलं आणि पाण्याच्या प्रश्नावर एकदाही तोंड उघडलं नाही.

आडवाट
पटतंय, पण अर्धंच. मशीनबद्दल प्रश्न विचारला म्हणून तर व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते दाखवणारी, चिठ्ठी आली. सगळेच गप्प बसले असते तर आली असती का?

कोरडवाहू
आडवाट, तुमच्या आजोबांची गोष्ट काल आईला फोनवर वाचून दाखवली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, त्या फुलीच्या घरातली म्हातारी दार लावताना दर वेळी म्हणायची, ‘मागं आमच्या माणसाला असंच गोड बोलून नेलं होतं.’ आईला वाटायचं, म्हातारी बरळतेय. कुठे नेलं, कुणी नेलं, तिने कधी विचारलंच नाही.

तेवढं तुमचं मान्य करतो. राईनपाड्याचं मात्र मान्य करणार नाही. तिथल्या पाच जणांनी कुणाचा पगार अडवला नव्हता.