मदत हवी आहे: सूर्यास्ताचा टाइमलॅप्स लुकलुकतोय, आणि सूर्य सेकंदात बुडतोय

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा. आमच्याकडनं समुद्र म्हणजे रत्नागिरी हायवेनं अख्ख्या दिवसाची वाट. मागच्या डिसेंबरात गणपतीपुळ्याला टाइमलॅप्स काढला, मिररलेस कॅमेरा, सोबत आलेली १८-५५ किट लेन्स, दर ५ सेकंदाला एक असे दीड तासात १०८० फोटो, २५ फ्रेमनं जोडले तर ४३ सेकंदांची क्लिप झाली. ढग लई भारी आलेत पण क्लिप जायला आलेल्या ट्यूबलाइटसारखी फडफडते. मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं भोक मी ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा), एफ/११ म्हणजे भोक बारीक, व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ऑटो. दर फोटोला लेन्सची पाती मिटताना केसभर फरक पडतो म्हणतात, मग एफ/३.५ ला पूर्ण उघडी ठेवून एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावला तर जमेल का?

दुसरं, सूर्य पाण्याला टेकल्यापासनं बुडेपर्यंत सव्वादोन-अडीच मिनिटं, म्हणजे माझ्याकडं त्याचे जेमतेम तीस फोटो, क्लिपमध्ये सव्वा सेकंद! पापणी मिटली की गेला.

आणि ट्रायपॉड. ओल्या वाळूत रोवला होता, परतणारी लाट दरवेळी एका पायाखालची चमचाभर वाळू ओढून न्यायची, शेवटी क्षितिजाची रेघ डावीकडं कलली.

हिप्परग्याच्या तलावावर सराव करायलोय, पण तिथं सूर्य झाडीमागं जातो, पाण्यात बुडत नाही. हे सगळं आज्जीसाठी चाललंय. तिनं समुद्र बघितलेला नाही आणि गुडघ्यांमुळं आता प्रवास होत नाही. पुढच्या महिन्यात परत निघालोय, संध्याकाळी दोनच मिळणारेत, प्लीज सांगा.

प्रतिसाद:
दादा, एफ/३.५ आणि एनडी बरोबर आहे, पाती हललीच नाहीत तर त्यांची फडफड नाही. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर फिक्स करा, रॉ मध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा. शेवटची १५ मिनिटं दर सेकंदाला एक फोटो घ्या, ९०० होतील, कार्ड फास्ट हवं. बुडतानाचे सगळे ठेवा, आधीचे पाचातला एक ठेवा, म्हणजे वेग हळूहळू कमी करता येतो. ट्रायपॉड वाळूत नकोच, कातळावर लावा आणि मधल्या दांड्याला पाण्याची बाटली टांगा. खाऱ्या तुषारांसाठी मऊ कापड खिशात ठेवा.

धागाकर्ता:
लई आभार! कातळावर उभं राहायचं तर भरती बघूनच जावं लागेल, ती रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते ना? दोन्ही संध्याकाळी सूर्यास्ताला ओहोटी मिळेल अशाच तारखा धरतो मग.