मवाळ, पापभीरू की पडखाऊ? वॉल्टर व्हाइटसाठी शब्द हवा आहे

सावली

गुन्हेगारी मालिकांवर एक लेख लिहिते आहे. त्यात ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी मालिकेला दोन पानं दिली आहेत. माझं पहिलं वाक्य असं होतं: ‘मवाळ स्वभावाचा रसायनशास्त्राचा एक शिक्षक हळूहळू बिघडत जातो, त्याची ही गोष्ट.’ संपादकांनी ते खोडून ‘एका पापभीरू शिक्षकाच्या नैतिक अधःपतनाची कहाणी’ असं केलं. मवाळ म्हटलं की जहाल-मवाळ आठवतात, आणि बिघडतात ती पोरं, पन्नाशीतला माणूस बिघडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

दुसरा मुद्दा मला थोडा पटला. पण ‘पापभीरू’ काही घशाखाली उतरत नाही. पहिल्याच भागात वॉल्टर शाळा सुटल्यावर गाड्या धुण्याच्या ठिकाणी काम करतो. नेमणूक गल्ल्यावर, पण माणूस कमी पडला की मालक त्याला गाड्या पुसायला पाठवतो. एकदा तो गुडघ्यावर बसून एका महागड्या गाडीचं चाक पुसतोय आणि गाडी निघते त्याच्याच वर्गातल्या मुलाची. त्या मुलाची मैत्रीण हसत फोनवर त्याचा फोटो काढते. हा मान खाली घालून पुसत राहतो. यात पापाची भीती कुठे आहे? भीती आहे ती लोकांची. आणि जो पापाला भीतच नव्हता, त्याचं ‘पतन’ कुठून झालं म्हणायचं?

दोन शब्द हवे आहेत: सुरुवातीच्या वॉल्टरसाठी एक, आणि त्याचं पुढे जे होतं त्यासाठी एक.

कोशवेल्हाळ

संपादकांनी योग्य तेच केलं आहे. ‘अधःपतन’ जड वाटतो म्हणून टाळू नका. नीतीचा विचार आपल्या भाषेत पडण्यातूनच केलेला आहे. पतित म्हणजे पडलेला. च्युत म्हणजे ढळलेला, म्हणून तर अच्युत. भ्रष्ट हा शब्द ‘भ्रंश्’ या धातूचा, त्याचाही मूळ अर्थ खाली पडलेला. आज आपण तो लाचखाऊपुरता उरवला आहे. आणि पातक म्हणजे काय, तर जे माणसाला पाडतं ते. पापाचं नावच पडण्यावरून ठेवलेलं आहे. याहून नेमकं काय हवं?

भर्तृहरीने नीतिशतकात गंगेचा दाखला दिला आहे. स्वर्गातून शिवाच्या मस्तकावर, तिथून हिमालयावर, तिथून जमिनीवर, शेवटी समुद्रात. आणि मग चरण येतो, ‘विवेकभ्रष्टानां भवति विनिपातः शतमुखः’. ही मालिका पाच पर्वांत आणि बासष्ट भागांत हेच दाखवते. एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा खाली.

एक विनंती. अधःपतन लिहिताना विसर्ग टंका, अपूर्णविरामाचं चिन्ह देऊ नका. छापील पानावरही ही चूक सर्रास दिसते आणि वाचताना शब्द मधोमध तुटतो.

दुसरीबाजू

कोशवेल्हाळ, व्युत्पत्ती मान्य, पण लोक शब्द व्युत्पत्तीवरून वापरत नाहीत. ‘नैतिक अधःपतन’ हे बोलतं कोण? भाषणं आणि अग्रलेख. घरात कुणी म्हणत नाही की आमच्या काकांचं अधःपतन झालं. म्हणतात, ‘पार कामातून गेला हो माणूस.’

पहिल्या शब्दासाठी माझं मत ‘गरीब’ला. ‘स्वभावाने गरीब’ ही अस्सल मराठी रचना आहे. अरबीत गरीब म्हणजे परका, परदेशी. फारसीतून इकडे येताना तो निर्धन झाला आणि मराठीत स्वभावाने मऊ, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा झाला. वॉल्टरला तिन्ही अर्थ लागू पडतात. पैशाने ओढग्रस्त, स्वभावाने गरीब, आणि स्वतःच्या घरातही थोडा परकाच.

कोशवेल्हाळ

तीन अर्थ लागू पडतात हीच अडचण आहे. ‘गरीब शिक्षक’ असं वाचल्यावर वाचक पगाराचाच विचार करणार. शिवाय भीरू, सौम्य, ऋजू हे शब्द असताना परक्या दारात जायचं कारण काय?

दुसरीबाजू

शेकडो वर्षं घरात राहिलेल्या शब्दाला परका म्हणायचं असेल, तर तुमच्या वाक्यातला ‘शिवाय’ही काढा. तो अरबी ‘सिवा’वरून आलाय.

रानवारा

भांडू नका, मुद्दा महत्त्वाचा आहे. मला दुसऱ्या शब्दाबद्दल बोलायचंय.

मराठीत माणूस वाईट मार्गाला लागतो त्याचे शब्द बाई आणि पुरुष यांच्यासाठी वेगळे आहेत. पाय घसरणं, वाकडं पाऊल पडणं हे बहुतेक बाईबद्दल, आणि तेही एकाच अर्थाने. पुरुष मात्र नादी लागतो, संगतीने बिघडतो, कुणाच्या तरी मागे वाहवत जातो. म्हणजे दोष दुसऱ्यावर. माझ्या मावशीचे यजमान जुगारात बुडाले, तेव्हा घरात वीस वर्षं ‘मित्रांनी नासवलं’ हेच ऐकलं. मित्र तर यांनीच गोळा केले होते.

वॉल्टरला हे शब्द चालत नाहीत, कारण इथे नादी लावणारा कुणी नाही. तो स्वतः आपल्या जुन्या विद्यार्थ्याकडे, जेसीकडे जातो आणि अमली पदार्थांच्या धंद्यात घे म्हणून अडून बसतो. नाद लावणारा तोच. म्हणून मला सावलीताईंचा साधा ‘बिघडत जातो’ जास्त आवडतो. त्यात कर्ता तोच राहतो.

प्रयोगवही

रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून बोलतो. बिघडणं नको, नासणं घ्या.

दूध नासतं ते कसं ते पाहा. ते बाहेर राहिलं की जिवाणू आत आम्ल तयार करत राहतात. बराच वेळ वरून काहीही दिसत नाही. रंग तोच, पातळपणा तोच. सामू (आम्लता मोजायचं माप, pH) उतरत उतरत ४.६ च्या आसपास आला की त्यातलं केसीन हे प्रथिन एकदम वेगळं होतं आणि पातेल्यात चोथा-पाणी दिसायला लागतं. पाहणाऱ्याला वाटतं, आत्ता नासलं. नासायची सुरुवात कधीच झालेली असते. आणि नासलेल्याचं पुन्हा दूध होत नाही.

वॉल्टरचं आम्ल कोणतं, ते पाचव्या पर्वात कळतं. मित्राबरोबर काढलेल्या कंपनीतला आपला हिस्सा त्याने ५,००० डॉलरला विकलेला असतो. आता तिची किंमत २.१६ अब्ज डॉलर आहे, आणि तो आकडा तो दर आठवड्याला न चुकता बघतो, असं जेसीला सांगतो. ही इतक्या वर्षांची आंबट साय आहे. पन्नासाव्या वाढदिवसानंतर कर्करोगाचं निदान होतं तेव्हा दूध फुटतं, एवढंच. म्हणून ‘पडला’ हे मला मान्य नाही. पडायला आधी उंचीवर असावं लागतं.

सावली

प्रयोगवही, हे फार आवडलं. मला नेमकं हेच खुपत होतं, पण मांडता येत नव्हतं. मवाळपणा आणि चांगुलपणा आपण एकच धरतो. कुणाला त्रास दिला नाही, म्हणजे चांगला. त्रास द्यायची ताकदच नसेल तर?

कोशवेल्हाळ

त्यासाठी सुभाषित आहेच, ‘अशक्तस्तु भवेत्साधुः’. ज्याच्या अंगात बळ नाही तो साधू होतोच. (या श्लोकाचा शेवटचा चरण मी मुद्दाम देत नाही, तो स्त्रियांवर अन्याय करणारा आहे.)

तरीही ‘पापभीरू’ मी सोडणार नाही. पहिल्या पर्वात वॉल्टर आणि जेसीने एकाला तळघरात खांबाला अडकवून ठेवलंय, मानेभोवती सायकलचं कुलूप. वॉल्टर त्याला सँडविच करून देतो. त्याला कडा आवडत नाहीत असं कळल्यावर पुढच्या वेळी कडा कापून देतो. मग वही घेऊन दोन रकाने आखतो. सोडून द्यायच्या बाजूला खून करणं चूक आहे वगैरे बरीच कारणं, मारायच्या बाजूला एकच: सोडला तर हा माझं सगळं घर मारेल. पापाची भीती नसलेला माणूस असे रकाने आखेल का? नंतर फुटलेल्या बशीचे तुकडे जोडताना एक टोकदार तुकडा कमी भरतो, आणि तो कैद्यानेच लपवलाय हे त्याच्या लक्षात येतं. मग तो त्याला मारतो, तेही माफी मागत मागत. हे पतनच. आणि पतनाआधी तो काही एका उंचीवर होता.

शाईचाडाग

कोशवेल्हाळांशी सहमत, पण तिथपर्यंतच. दुसऱ्या पर्वाच्या शेवटाकडे जेसीची मैत्रीण नशेत उलटी होऊन गुदमरते. वॉल्टर पलंगाशी उभा. आधी पुढे होतो, मग थांबतो. तोंडावर हात, डोळ्यांत पाणी, आणि तरी उभाच. याला ‘मारलं’ म्हणायचं का? मी उपशीर्षकं लिहिण्याचं काम करते. एका नोंदीत ‘तिला मरू दिलं’ लिहिलं होतं, ते तपासणाऱ्याने ‘वाचवू शकला नाही’ केलं. मी भांडून परत बदलून घेतलं. ‘देणं’ या सहायक क्रियापदात परवानगी असते: जाऊ दिलं, पडू दिलं, मरू दिलं. तिथे पापभीरू संपतो. भीती उरत नाही, नुसता हिशेब उरतो.

म्हणून एकच शब्द शोधणं मला चुकीचं वाटतं. तळघरापर्यंत एक, पलंगापासून पुढे दुसरा.

रानवारा

आणि त्याच्या स्वतःच्या मनात कोणता शब्द असेल? आपण सगळे खाली जाणारे शब्द शोधतोय. त्याला तर वर गेल्यासारखं वाटतंय. नाव बदलतो, हायझेनबर्ग होतो, काळी हॅट घालतो, आवाज बदलतो. शेवटच्या भागात बायकोला अखेर कबूल करतो की हे मी घरासाठी नाही, माझ्यासाठी केलं, मला ते आवडत होतं. आपल्याकडे याला ‘चढणं’ म्हणतात. दारू चढते, सत्ता चढते, मद चढतो, माणूस चढेल होतो. ‘चढत गेला’ म्हटलं तर?

दुसरीबाजू

‘चढत गेला’ हे वाक्यात एकटं उभं राहणार नाही, वाचकाला वाटेल यशस्वी झाला. ‘शेफारला’ लहान मुलासाठी. ‘माजला’ जवळ जातो, पण ‘माजलेला शिक्षक’ म्हणजे छडी मारणारा वाटतो.

पायरी पाहा. ‘पायरीने वागणं’ म्हणजे आपली जागा ओळखून दबून राहणं. ‘पायरी सोडणं’ म्हणजे ताळतंत्र सोडणं. दोन्ही एकाच शब्दात. ‘पायरीने वागणारा शिक्षक पायरी सोडतो.’

प्रयोगवही

पायरी सोडतो म्हणजे फार तर शिवीगाळ करतो. खून आणि अमली पदार्थांचा धंदा त्यात मावत नाही.

तळटीप

उशिरा आले, पण एक शब्द कुणीच घेतला नाही म्हणून लिहिते: पडखाऊ.

माझे वडील आयुष्यभर कचेरीत पड खात आले. बढती दुसऱ्याला गेली तरी ‘जाऊ दे’. आईला त्यांचा राग यायचा तेव्हा ती ‘पडखाऊ’ म्हणायची, भित्रा म्हणायची नाही. भित्रा माणूस लढाईच टाळतो. पडखाऊ लढाईत असतो आणि दर वेळी हार मानून घेतो. आत त्याची मोजदाद चालू असते. वडील गेल्यावर त्यांच्या एका वहीत तारखांसकट नोंदी सापडल्या, कोणी कधी काय बोललं त्याच्या. आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी कधी कुणाचं वाईट केलं नाही, हेही सांगते. पण ती वही वाचल्यापासून वॉल्टर मला समजतो.

आणि कोशवेल्हाळ, ‘पड’ हा ‘पडणे’चाच ना? म्हणजे तुमच्या ‘पत्’ धातूचाच. मग पडखाऊ माणसाचं पतन म्हणजे आधीच पडत आलेल्या माणसाचं पडणं. प्रयोगवहींची अडचण आणि तुमचा शब्द, दोन्ही एकत्र येतात.

कोशवेल्हाळ

धातू तोच. वहीबद्दल वाचून थांबलो थोडा वेळ. पण ‘पडखाऊ’ छापील लेखात धोरणासाठी वापरतात, ‘पडखाऊ धोरण’. माणसासाठी तो हिणवणारा वाटतो.

तळटीप

माणसासाठीच जास्त वापरला जातो. निदान आमच्या घरात.

शाईचाडाग

जरा विषयांतर. सावलीताई, तुमच्या लेखाचा उतारा तुम्ही मला पाठवलात त्यात हँकला ‘वॉल्टरचा मेहुणा’ म्हटलंय. हँक हा वॉल्टरच्या बायकोच्या, म्हणजे स्कायलरच्या, बहिणीचा नवरा. म्हणजे साडू.

सावली

अरे हो! इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे डोळ्यांखालून निसटलं.

रानवारा

हे नुसतं निसटणं नाही. मेहुण्याशी थट्टामस्करी चालते. साडू म्हटला की तुलना आलीच, दोन जावई एका घरात. वाढदिवसाच्या पार्टीत अमली पदार्थविरोधी खात्यातला हँक आपलं पिस्तूल सगळ्यांना दाखवतो. ते वॉल्टरच्या हातात येतं तेव्हा तो जेमतेम एवढंच म्हणतो की जड आहे. हा साडूचा प्रसंग आहे, मेहुण्याचा नाही.

कोशवेल्हाळ

साडू हा ‘श्याली’ म्हणजे मेहुणी आणि ‘वोढृ’ म्हणजे वर, यावरून आलेला मानतात. ‘वोढृ’चा धातू ‘वह्’, वाहून नेणं. विवाह आणि ‘वाहवत जाणं’ याच धातूचे.

दुसरीबाजू

‘वाहवत जाणं’ला तुमच्या ‘वह्’चा आधार मिळाला, आणि तो शब्द रानवाऱ्यांनी वर कापून टाकला होता. सावलीताई, तो यादीत परत घ्या.

रानवारा

धातू कोणताही असो, वाहवत जाणाऱ्याला पाणी नेतं. वॉल्टर स्वतः पोहत गेला आहे. मी परत घेणार नाही.

सावली

साडू केलं. पहिल्या वाक्यात सध्या ‘पडखाऊ’ लिहून खाली संपादकांसाठी तळटीपताईंचं म्हणणं जोडलंय, वहीचा भाग वगळून. दुसऱ्या शब्दाची जागा मोकळी ठेवली आहे. लेख परवा द्यायचा आहे.