मदत हवी आहे: सॅमनची गाबोळी मुरवताना बाहेरून मनुका, आतून पचपचीत

कोहोवाला: वॉशिंग्टन राज्य, काउलिट्झ नदी. कोहोची (सॅमनची एक जात) गाबोळी मुरवून हिवाळी स्टीलहेडसाठी (समुद्रात जाऊन नदीत परतणारा रेनबो ट्राउट) आमिष म्हणून फ्लोटखाली (तरंगत्या बोयाखाली) लावायची आहे. मागच्या आठवड्यातली गाबोळीची जोडी अशी केली: नळाखाली धुतली, बोरॅक्स (टाकणखार) आणि मीठ समप्रमाणात, चिमूटभर साखर, झिपच्या पिशवीत एक रात्र, मग दोन दिवस उघड्या जाळीवर. बाहेरचे दाणे मनुक्यासारखे झालेत, आतले पांढुरके आणि पचपचीत. गळाला लावली की तिसऱ्या फेकीला सुटते. काल संध्याकाळच्या मादीची गाबोळी फ्रीजमध्ये कच्चीच आहे, ती तरी वाया जाऊ नये. सोडियम सल्फाइट घालावंच लागतं का?

बोयाबहाद्दर: पहिली चूक नळाची. गाबोळीला गोडं पाणी लावायचंच नाही. दाण्यातली प्रथिनं खारट द्रावात विरघळलेली राहतात. गोडं पाणी लागून मीठ उतरलं की ती साकळतात आणि दाणा दुधाळ होतो. फुटलेला दाणा वाटीभर गोड्या पाण्यात टाकून बघा, लगेच ढग दिसेल. रक्त पुसायला कोरडा पेपर टॉवेल घ्या. मधल्या शिरेतलं रक्त चमच्याच्या पाठीने हलकेच ढकलून टोकाला काढा. रक्त राहिलं तर तिथे काळे डाग पडतात आणि तिथूनच गाबोळी आधी खराब होते. म्हणूनच मासा हातात आला की लगेच कल्ले कापून रक्त जाऊ द्यायचं.

दुसरी चूक मिठाची. मीठ पाणी ओढतं, साखर ओल धरून ठेवते, बोरॅक्स दाण्याची साल चिवट करतो आणि बुरशी रोखतो. समप्रमाण मिठाने तुमच्या दाण्यांची साल पहिल्या काही तासांतच आवळली, म्हणून आतपर्यंत काही पोचलंच नाही. वाटीच्या मापाने 2 बोरॅक्स, 1 साखर, 1 मीठ घ्या. मीठ आयोडीन नसलेलं. रंग हवा असेल तर स्ट्रॉबेरी जेलीची पूड त्यातच मिसळा. अर्ध्या किलोच्या जोडीला हे मिश्रण साधारण 4 मोठे चमचे पुरतं.

आणि मुख्य म्हणजे गाबोळी उघडा. एका बाजूला पडदा असतो, दुसऱ्या बाजूला दाण्यांच्या घड्या. घड्यांच्या बाजूने कात्रीने लांबीभर चीर द्या, पुस्तकासारखी पसरा, पडद्याला धक्का लावू नका. घडी-घडीत पूड गेली पाहिजे. नुसती वरून भुरभुरलीत तर परत हेच होणार.

मग पिशवीत घालून थंड जागी ठेवा, दर दोन-तीन तासांनी पिशवी उलटी करा. तासाभरात लाल रस सुटेल. घाबरून तो ओतू नका, लोक इथेच माती करतात. पुढच्या 12 ते 24 तासांत दाणे त्यातला बराचसा रस परत पितात आणि फुगून तुकतुकीत होतात. त्यानंतर उरलेला निथळा, जाळीवर तासभर ठेवा. बोटाला किंचित चिकटली की झालं. दोन दिवस नाही!

तंगूस_८पौंडी: वरच्याशी सहमत. राहिला सल्फाइटचा प्रश्न. ते रंग टिकवतं, काळं पडू देत नाही, आणि चिनूकला (सॅमनची दुसरी जात) ती चव फार आवडते. स्टीलहेडला तेवढी लागत नाही, बोरॅक्सवरची गाबोळी पुरते. शिवाय ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रयोगांत सल्फाइटवाली अंडी खाऊन सॅमन-स्टीलहेडची काही पिल्लं मेली होती, म्हणून हात आखडताच ठेवावा. घालायचंच तर वरच्या मिश्रणात एक-दोन छोटे चमचे बास. हातमोजे घाला. दमा असेल तर ती पूड टाळाच.

तिसऱ्या फेकीला सुटणं मात्र मुरवणाचा दोष असेलच असं नाही. तुकडा कापताना पडदा सोबत येतोय ना? नुसते दाणे गळावर टिकत नाहीत. गळाच्या दांड्यावर एग लूपची गाठ मारा, तंगूस मागे ढकलून फास उघडा, त्यात पडद्याची बाजू घालून आवळा. पाणी नितळ असेल तर नखाएवढा तुकडा आणि 4 नंबरचा गळ, गढूळ असेल तर सुपारीएवढा आणि 1 नंबर (आकडा लहान तेवढा गळ मोठा).

कोहोवाला: आभार. कालच्या गाबोळीतले दाणे अगदी सुटे आहेत, पडदा जवळजवळ नाहीच. तीही अशीच मुरवू?

बोयाबहाद्दर: नाही. ती मादी अंडी घालायच्या बेतात होती, त्यामुळे दाणे पडद्यातून मोकळे झालेत. त्याच्या पोटल्या बांधा. ग्रेट लेक्सकडचे (अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांकडचे) लोक मुख्यतः तेच वापरतात. दाण्यांवर फक्त कोरडा बोरॅक्स चोळा, मीठ अगदी थोडं. नायलॉन जाळीच्या 3 इंची चौकोनात 6 ते 8 दाणे, वर लवचीक दोऱ्याचे पाच-सहा वेढे, गाठ लागत नाही. घट्ट आवळू नका, दाण्यांना आत हलायला जागा हवी.

तंगूस_८पौंडी: साठवण: तुकडे कोरड्या बोरॅक्समध्ये घोळवून छोट्या काचेच्या बरण्यांत भरा, वर हवा कमीत कमी राहील असं बघा, फ्रीजरमध्ये ठेवा. निर्वात पिशवीत दाणे चेपतात. एका दिवसाला पुरेल एवढीच बरणी करा, कारण एकदा वितळलेली गाबोळी परत गोठवली की साल फाटते. बरणी आदल्या रात्री फ्रीजमध्ये काढून ठेवायची, मायक्रोवेव्ह अजिबात नाही.

आणि निघायच्या आधी नदीच्या त्या पट्ट्याचा नियम वाचा. जिथे 'सिलेक्टिव्ह गियर' लिहिलंय तिथे गाबोळी खिशात असली तरी उपयोग शून्य, फक्त कृत्रिम आमिष आणि बिनकाट्याचा एकेरी गळ. पाठीवरचा छोटा मांसल पर (हॅचरीतल्या माशांचा तो कापलेला असतो) कापलेला नसेल तर तो स्टीलहेड रानटी समजा आणि पाण्याबाहेर न काढता सोडा. गाबोळी मासे खोल गिळतात, म्हणून फ्लोट बुडाला की लगेच झटका द्या.