शहर सोडून छोट्या गावात राहायला गेलात? कसं जमलं, का जमलं नाही?

बापू_पसरणीकर
काल लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "कुणाकडे आलात?" या सोसायटीत मी तीन वर्षं राहतोय. दोघं एकाच मजल्यावर उतरलो, तेही न बोलता.

वाईत पहिल्याच आठवड्यात गिरणीवाल्याने विचारलं होतं, "कुणाचे तुम्ही?" कुणाचेच नाही म्हटल्यावर त्यालाच कसंतरी झालं. दळण तसंच ठेवून त्याने आधी मूळ गाव काढलं, मग आडनाव, मग बायकोचं माहेर, आणि शेवटी तिच्या मावशीचे दीर पसरणीचे निघाले. झालं, तेव्हापासून आम्ही "पसरणीकरांचे". पसरणीला अजून एकदाही गेलो नव्हतो.

२०२० च्या जूनमध्ये पुण्यातला भाड्याचा फ्लॅट सोडून गेलो, अडीच वर्षं राहिलो. संध्याकाळी गणपती घाटावर पाण्यात पाय सोडून बसायचो. कृष्णाबाईच्या उत्सवात आमच्या आळीची पाळी आली तेव्हा मला वाढपी केलं होतं, आमटीची बादली उचलून दोन दिवस खांदा दुखत होता. दुसरी बाजू पण सांगतो. बायकोला ताप आला तर औषधाच्या दुकानातून घरी येईपर्यंत तिघांनी विचारलं, काय झालं. चौथ्याने डेंग्यू ठरवून टाकला. दुपारी ऐन मीटिंगमध्ये लाईट जायची. मग ऑफिसने आठवड्यातून तीन दिवस बोलावलं, लेकीची अकरावी आली, आणि खंबाटकीचा जाम आमच्या संसाराचा चौथा मेंबर झाला. परत आलो.

आता लेक शिकायला बाहेर. घरात पुन्हा तोच विषय. तुमचे अनुभव लिहा, सल्ले नकोत. सल्ल्यांना नातेवाईक आहेत.

साबुदाणा_वडा
वाई माझं आजोळ!! मेणवलीच्या घाटावर ती मोठी घंटा आहे ना, वसईच्या मोहिमेतून आणलेली, तिच्याखाली उभं राहून मामा आम्हाला भुताच्या गोष्टी सांगायचा. विषयाबद्दल नंतर लिहिते, गॅसवर पोळी आहे.

हर्णैचा_वारा
सल्ले नकोत म्हणालात, म्हणून हा अनुभवच समजा. दापोलीजवळ बागायत घ्यायची म्हणून मुंबईहून व्हीआरएस घेतली. व्यवहार ठरला, पेढे वाटले, आणि मग वकिलाने विचारलं, "शेतकरी असल्याचा पुरावा?" कूळकायद्याचं कलम ६३. बिगरशेतकऱ्याला आपल्याकडे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आजोबांच्या नावाचा सातबारा होता, पण त्यावर वडिलांची वारसनोंद कुणी केलीच नव्हती, माझी कुठली असायला. आठ चुलत भावंडं शोधली, त्यातलं एक दुबईला. फेरफार व्हायला १४ महिने लागले. तोवर आंब्याचे दोन हंगाम गेले.

बाकी पाऊस. पाहुण्यासारखा पाऊस बघणं वेगळं आणि त्याच्यात चार महिने राहणं वेगळं. पट्टा, चपला, पासपोर्टचं कव्हर, सगळ्याला हिरवी बुरशी. बायकोच्या पैठणीचं तर नावच काढत नाही. आगोटची खरेदी म्हणजे काय ते पहिल्या वर्षी हसण्यावारी नेलं, दुसऱ्या वर्षी मे महिन्यात कांदे-बटाटे-सुकी मासळी भरून मोकळे. आणि माकडं! फणस, केळी, पपई, काही ठेवत नाहीत. आम्ही लावतो, ते खातात, असा करार आहे.
तरी परत जाणार नाही.

खट्याळ_म्हातारा
हर्णैकर, करारावर सही कुणाची, तुमची की माकडाची?

हर्णैचा_वारा
दोघांचीही, अंगठा.

वाशिष्ठी_काठ
मी चिपळूणची, सून म्हणून आलेली, माहेर ठाणे. २२ जुलै २०२१. पहाटे शेजारच्या काकूंनी दार वाजवलं, "गं, पाणी येतंय, गाडी वर घाल." मला वाटलं नळाला पाणी आलं. जिन्याच्या पायऱ्या मोजत होते, अकरावी बुडाली तेव्हा मोजणं बंद केलं. फ्रीज तरंगतो हे मला तोवर माहीत नव्हतं. गाडी गेली, सासऱ्यांच्या दुकानातला सगळा माल गेला, नंतर महिनाभर चिखलाचा वास नाकातून गेला नाही.
पण जेवण? दुसऱ्या दिवसापासून कोण कुठून पिठलं-भाकरी घेऊन येत होतं कळत नव्हतं. ओळख ना पाळख. एकाने तर माझ्या मुलाला स्वतःची चप्पल काढून दिली.
छोट्या गावात घर बघायला जाल तेव्हा एजंटला विचारू नका. कोपऱ्यावरच्या जुन्या दुकानदाराला विचारा, २००५ ला पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवर बोट ठेवून दाखवतो. आमच्या घरी विचारलं नव्हतं.

साबुदाणा_वडा
बाप रे ताई. वाचून अंगावर काटा आला. सासरे ठीक आहेत ना आता?

वाशिष्ठी_काठ
हो गं, दुकान परत उभं केलं. फक्त माल आता खालच्या फळीवर ठेवत नाहीत.

योगेश्वरीची_लेक
सगळे म्हणतात गावात दवाखाना नाही. आम्ही अंबाजोगाईचे, तालुक्याच्या गावात सरकारी मेडिकल कॉलेज. बाबांच्या छातीत रात्री दोनला दुखायला लागलं, स्कूटरवर मध्ये बसवून नेलं, १० मिनिटांत ईसीजी निघाला. पुण्यात भाऊ राहतो तिथे १० मिनिटांत सोसायटीचं गेट ओलांडून होत नाही. पुढे अँजिओप्लास्टीला लातूरला हलवावं लागलं, तो तास-सव्वा तास मात्र कुणाच्या वाट्याला येऊ नये. ॲम्ब्युलन्समध्ये मी मैलाचे दगड वाचत होते.
आणि पाणी. उन्हाळ्यात नळ आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी. लग्न ठरवताना आमच्याकडे स्थळाची टाकी किती लिटरची ते आधी विचारतात (निम्मं खरं आहे). पुण्याहून वहिनी आली की बादली तुंबेपर्यंत नळ सोडून ठेवते, मग आईचा चेहरा बघण्यासारखा होतो.

निवांत_नाही
गाव कुठलं ते सांगत नाही. वर्क फ्रॉम होम, ३१ वर्षांची, एकटी. पाच घरं बघितली, पाचही ठिकाणी पहिला प्रश्न, "मिस्टर कधी येणार?" सहावं मिळालं. घरमालकीण प्रेमळ, गरम गरम धपाटे आणून द्यायची, आणि ताट परत न्यायला आली की आत कोण आहे बघून जायची. ऑफिसचा मित्र लॅपटॉप द्यायला आला, १५ मिनिटं थांबला. संध्याकाळी आईचा फोन, नागपूरहून. तिला तिथे कळलं होतं. वर बापूंना "कुणाचे तुम्ही" विचारलं ते गोड वाटलं. मला तेच विचारलं की घाम फुटायचा.
८ महिन्यांत परत आले. लिफ्टमध्ये कुणी ओळखत नाही याचं मला अजूनही सुख आहे.

बापू_पसरणीकर
हे मला सुचलंच नव्हतं. खरंय. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "आत्ता कळलं का?"

ऱ्हाईनकाठचा_मराठी
जर्मनीत छोट्या गावात राहतो. रविवारी भिंतीत खिळा ठोकला तर शेजारी चिठ्ठी टाकून गेला. चिठ्ठी फार सभ्य होती. कुणाचा कोण, हे मात्र कुणी विचारलं नाही, सहा वर्षं झाली.

खट्याळ_म्हातारा
आमचं उलटं. कुर्डुवाडीतून मुलाकडे खराडीला आलोय. सकाळी फिरायला जातो, "राम राम" म्हटलं की लोक कानातली बोंडं काढून "काय?" विचारतात. आता नुसता हात वर करतो. बापू, लिफ्टमधले आजोबा माझ्यासारखेच असतील हो. त्यांना गप्पा मारायच्या असतील.

साबुदाणा_वडा
आले. पोळी जळलीच. मग बापू, जाताय की नाही? आणि जाल तेव्हा कंदी पेढे आणा वाईचे.

हर्णैचा_वारा
कंदी पेढे साताऱ्याचे हो!

साबुदाणा_वडा
मामा वाईहूनच आणायचा.

हर्णैचा_वारा
मामा साताऱ्याला जाऊन यायचा.

बापू_पसरणीकर
भांडू नका, दोन्हीकडून आणतो. सध्या एवढंच ठरलंय की चार महिने भाड्याने राहायचं, तेही पावसाळ्यात. रविवारी घर बघायला जातोय. वाशिष्ठीताई, जुना दुकानदार गाठतो आधी. आणि काल संध्याकाळी पाचव्या मजल्यावर बेल वाजवली. आजोबा वाळव्याचे निघाले. बायकोचं आजोळ तिथलंच. खंबाटकीला रविवारी किती वाजता निघालं तर जाम लागत नाही?

खट्याळ_म्हातारा
शनिवारी.